समोरच्या विमानाचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर?

उजळाईवाडीहून मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू असं उडणं आता कोल्हापूरकराला नवलाचं राहिलेलं नाही, एअरपोर्टवर सेल्फी काढायचं प्रमाणही जरा कमी झालंय. पण त्या विमानात एक यंत्र असतंय जे प्रवाशाला कधी दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि ते वाजलंच तर पुढं दोन पायलटांच्या पोटात गोळा आलेला असतो आणि मागं आपण खिडकीला डोकं लावून झोपलेलो असतो. त्याचं नाव टीकॅस. दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून अगदी शेवटच्या अर्ध्या मिनिटात पायलटला "वर चढ" नाहीतर "खाली उतर" असं बोलून सांगणारं यंत्र. कंट्रोल टॉवर चुकला, पायलट चुकला, सगळे चुकले तरी हे चुकू नये अशी त्याच्याकडून अपेक्षा.

उद्यमनगरात ओळखीचे एक काका आहेत, वर्कशॉप आहे त्यांचं, चहा पिता पिता हा विषय निघाला तर त्यांनी एकदम मुद्द्यालाच हात घातला. "आपल्या इमानाचं सॉफ्टवेअर नवं हाय, बरं झालं. पण समोरनं येणाऱ्याचं जुनं असलं तर रं?" मी म्हटलं काका, नेमका हाच प्रश्न जगभरच्या विमानवाल्यांना पंधरा-वीस वर्षं छळत होता.

आधी यंत्र कसं चालतं ते थोडक्यात बघू, कारण त्याशिवाय अपडेटचं महत्त्व कळणार नाही. प्रत्येक मोठ्या विमानात ट्रान्सपाँडर असतो, म्हणजे कुणी रेडिओवर विचारलं की "मी अमुक, माझी उंची अमुक" असं उत्तर देणारा डबा. एरवी हे प्रश्न जमिनीवरचं रडार विचारतं. टीकॅस काय करतं, तर तेच प्रश्न विमानातून आजूबाजूच्या विमानांना स्वतः विचारतं, साधारण सेकंदाला एकदा, १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न आणि १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, उंची तर उत्तरातच असते, आणि अँटेनावरून दिशेचा एक ढोबळ अंदाज येतो. ढोबळ म्हणजे खरंच ढोबळ, म्हणूनच टीकॅस पायलटला डावीकडं वळ उजवीकडं वळ असं कधीच सांगत नाही, फक्त वर नाहीतर खाली.

आणि हे यंत्र अंतर मोजून त्यावर थांबत नाही, त्याचा सगळा हिशोब सेकंदात चालतो. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटरनं येत असतील तर मधलं अंतर सेकंदाला अर्धा किलोमीटर कमी होतंय, म्हणजे १५ किलोमीटर लांब दिसणारं विमान अर्ध्या मिनिटात अंगावर. त्यामुळं आधी "ट्रॅफिक, ट्रॅफिक" अशी सूचना येते, ती धडक व्हायला उंचीप्रमाणं २० ते ४८ सेकंद उरलेले असताना, आणि मग १५ ते ३५ सेकंद उरले की थेट हुकूम येतो, "क्लाइम्ब, क्लाइम्ब" किंवा "डिसेंड, डिसेंड". पायलटनं पाच सेकंदांच्या आत कामाला लागावं असं गणित त्यात धरलेलं असतं. अजून माहिती गोळा करू, टॉवरला विचारू, याला वेळ नसतोच.

आता खरी गंमत. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर ही दोन यंत्रं आपापसात बोलतात. महाद्वार रोडला दिवाळीच्या गर्दीत समोरून येणारा माणूस आणि आपण दोघंही एकाच बाजूला सरकतो, मग दोघंही दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी धडकतो, तसं आकाशात होऊन चालत नाही. म्हणून एका टीकॅसनं "मी वर जातोय" असं ठरवलं की ते दुसऱ्याला डेटा लिंकवरून कळवतं की तू माझ्या वरून जाऊ नकोस, आणि मग दुसरं आपोआप खालचा हुकूम काढतं. आणि योगायोगानं दोघांनी एकाच क्षणी एकच दिशा निवडली तर? त्यालाही उत्तर ठरवून ठेवलंय. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा एक कायमचा पत्ता असतो, तो ज्याचा मोठा त्यानं आपला निर्णय फिरवायचा. लहान पत्त्यावाला आपल्या निर्णयावर ठाम. यात कुणाचा मान नाही अपमान नाही, फक्त एक नियम जो दोघांनाही आधीच माहीत आहे.

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आलं. टीकॅस हे एका विमानाचं यंत्र नाहीच मुळी, तो दोन विमानांमधला करार आहे, आणि करारातला एक जण जुन्या अटींवर चालत असला की नव्या अटींचा पुरा फायदा दुसऱ्यालाही मिळत नाही.

भारतात या यंत्राची गरज किती होती ते ज्यांनी १९९६ च्या नोव्हेंबरातले पेपर वाचलेत त्यांना सांगायला नको. १२ नोव्हेंबरला संध्याकाळी दिल्लीजवळ चरखी दादरीच्या आकाशात सौदियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तान एअरलाइन्सचं आयएल-७६ आदळलं, ३४९ माणसं गेली, हवेत झालेल्या धडकांमध्ये आजपर्यंतची सगळ्यात भीषण हीच. सौदीचं विमान चढत होतं, त्याला १४,००० फुटांपर्यंत परवानगी होती, कझाक विमान उतरत होतं, त्याला १५,००० वर थांबायला सांगितलं होतं, ते थांबलं नाही. मध्ये हजार फुटांचं अंतर राहायला हवं होतं, म्हणजे जेमतेम तीनशे मीटर, तेच पुसलं गेलं. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टीकॅसची सक्ती झाली. अमेरिकेत ही सक्ती करणारा कायदा १९८७ मध्येच आला होता, तोही अशाच एका धडकेनंतर, १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटॉसवर एक प्रवासी जेट आणि एक छोटं खासगी विमान आदळल्यावर. या क्षेत्रात नियम बहुतेक वेळा असेच येतात, आधी माणसं मरतात मग कागद निघतो, वाईट वाटतं पण तसंच आहे.

यंत्र बसवलं म्हणजे झालं असं मात्र नाही. आतलं लॉजिक, म्हणजे कुठल्या परिस्थितीत काय हुकूम द्यायचा याचे नियम, ते पहिल्या दिवशी परफेक्ट नव्हते आणि तसे असूही शकत नव्हते. सुरुवातीच्या आवृत्त्या उगाचच ओरडायच्या. एखादं विमान वेगानं चढत येऊन ठरल्याप्रमाणं हजार फूट खाली थांबणार असतं, पण यंत्राला ते थांबणार हे माहीत नसतं, त्याला फक्त वेग दिसतो, मग ते बोंब मारतं. अशा खोट्या बोंबांनी पायलटचा विश्वास उडतो आणि विश्वास उडाला की खऱ्या वेळी तो ऐकत नाही. म्हणून ६.०४ए नावाची आवृत्ती आली, मग ७.० आली. ७.० मध्ये एक मोठी गोष्ट होती, दोन्ही विमानांत टीकॅस असलं तरी दिलेला हुकूम मध्येच उलटा करायची सोय, म्हणजे आधी "चढ" सांगितलं आणि परिस्थिती बदलली तर "उतर, आत्ताच उतर" असं सांगता येईल. कागदावर सगळं उत्तम.

मग १ जुलै २००२ ची रात्र. जर्मनीत युबरलिंगेन गावावर, ३६,००० फुटांवर, एक रशियन तुपोलेव्ह, त्यात सुट्टीला निघालेली बरीच शाळकरी पोरं, आणि दुसरं डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७. तो भाग झुरिकच्या कंट्रोलरकडं होता, रात्रपाळीला तो एकटाच दोन स्क्रीन सांभाळत होता, सिस्टीमचं मेंटेनन्स चालू, फोन लाइनचीही बोंब. त्याला धोका उशिरा कळला, त्यानं तुपोलेव्हला खाली उतरायला सांगितलं. जवळपास त्याच वेळी तुपोलेव्हचं टीकॅस सांगतंय वर चढ, डीएचएलचं टीकॅस सांगतंय खाली उतर. डीएचएलच्या पायलटांनी यंत्राचं ऐकलं, तुपोलेव्हच्या पायलटांनी माणसाचं ऐकलं. दोघंही खाली निघाले. थोड्या वेळानं डीएचएलला हुकूम आला की उतरायचा वेग अजून वाढव, तुपोलेव्हला आला की चढायचा वेग वाढव, आणि दोघंही उतरतच राहिले, सुमारे ३४,९०० फुटांवर आदळले. ७१ जण गेले.

इथं बहुतेक लोक म्हणतात की पायलटनं टीकॅसचं ऐकायला पाहिजे होतं, संपलं. ते खरंच आहे, आणि नंतर आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट केला गेला की टीकॅसचा हुकूम आला की कंट्रोलर काहीही सांगू दे, यंत्राचंच ऐकायचं. पण मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही विमानांत ७.० होतं, हुकूम उलटा करायची सोय असलेलं. मग डीएचएलच्या यंत्राला दिसलं नाही का, की समोरचाही आपल्याबरोबर खालीच येतोय, आता आपण वर जायला पाहिजे? दिसत होतं, पण लॉजिकमध्ये भोक होतं. दोन्ही विमानं एकाच बाजूला जाताहेत आणि त्यांच्या उंचीतला फरक शंभर फुटांच्या आतच राहतोय, अशा वेळी ७.० चा उलटा हुकूम वेळेवर निघतच नव्हता.

आणि मनाला लागणारी गोष्ट अशी की हे भोक माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ जानेवारी २००१ ला, जपानच्या आकाशात जपान एअरलाइन्सचीच दोन विमानं, मिळून ६७७ माणसं, याच तऱ्हेनं एकमेकांच्या अंगावर गेली होती, एका पायलटनं टीकॅसऐवजी कंट्रोलरचं ऐकलं होतं, शेवटच्या क्षणी डोळ्यांनी बघून विमान ढकललं म्हणून वाचले, तरी शंभरेक जण आत आपटून जखमी. आणि युरोपातल्या अभ्यासकांनी लॉजिक दुरुस्त करायचा प्रस्ताव युबरलिंगेनच्या आधीच मांडून ठेवला होता. प्रस्ताव फाइलीत होता, विमानात नव्हता.

ही दुरुस्ती ७.१ नावानं आली. तिच्यात दोन मुख्य गोष्टी. पहिली म्हणजे उलट्या हुकुमाचं लॉजिक सुधारलं, आता यंत्र हुकूम देऊन गप्प बसत नाही, हुकूम पाळला जातोय का हेही बघत राहतं आणि नसेल तर योजना बदलतं. दुसरी गोष्ट ऐकायला किरकोळ पण माझ्या मते तितकीच मोलाची. ७.० मध्ये एक हुकूम होता, "अॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अॅडजस्ट". त्याचा अर्थ दर वेळी एकच असायचा, चढायचा किंवा उतरायचा वेग कमी कर. पण वाक्यात "कमी" हा शब्दच नाही! काही पायलटांनी घाईत उलटा अर्थ लावला आणि वेग वाढवला, म्हणजे थेट समोरच्याच्या दिशेनं. ७.१ मध्ये त्या जागी साधं "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ" आलं, सरळ कर, बास. आता सांगा, याला कुणी बग म्हणेल का? कोड बरोबर चालत होता, वाक्य चुकीचं होतं.

७.१ चं स्टँडर्ड २००८ मध्ये छापून आलं. युरोपनं सगळ्या जुन्या विमानांना मुदत दिली १ डिसेंबर २०१५, आंतरराष्ट्रीय पातळीवरची मुदत १ जानेवारी २०१७. म्हणजे युबरलिंगेनच्या धडकेपासून मोजलं तर युरोपला तेरा वर्षं आणि बाकी जगाला चौदाच्या वर. एवढी वर्षं एक बाजू नवी, एक बाजू जुनी अशी विमानं एकाच आकाशात उडत होती. एकमेकांशी ती बोलू शकत होती हे खरं, ७.१ आणि ७.० चं आपापसात जमतं, एकाच बाजूला ७.१ असलं तरी थोडाफार फायदा होतोच, पण पूर्ण फायदा दोन्हीकडं नवं असेल तेव्हाच.

इतका वेळ का लागतो हे समजून घ्यायला पाहिजे, उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. विमानातलं सॉफ्टवेअर रात्री चार्जिंगला लावून अपडेट होत नसतंय. बदललेलं लॉजिक आधी लाखो काल्पनिक प्रसंगांवर चालवून बघतात, कारण एका प्रकारची धडक टाळायला केलेला बदल दुसऱ्या प्रकारची घडवून आणू शकतो. मग टीकॅस बनवणारी कंपनी आपलं सॉफ्टवेअर बनवणार, त्याला मंजुरी, मग प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे हा बदल कसा करायचा हे सांगणारा कागद. त्यानंतर प्रत्यक्ष काम, विमान हँगरला उभं करायचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्यातला तो डबा, त्यात लोडरनं नवं सॉफ्टवेअर भरायचं किंवा डबाच काढून शॉपला पाठवायचा, जुन्या डब्यांना तर नवं सॉफ्टवेअर पेलतच नाही, मग नवा डबा आणि त्याचा खर्च. पार्ट नंबर बदलतो, नोंद होते, टेस्ट बटण दाबून यंत्राची स्वतःची तपासणी, आणि मग लायसन्सवाला इंजिनिअर सही करतो. ती सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. एवढं सगळं धरूनही मला तेरा वर्षं जास्तच वाटतात. कागदाला सहा वर्षं लागली हे एकवेळ समजू शकतो, पण त्यानंतरची सात वर्षं मुख्यतः पैशाची आहेत.

इथं एक गल्लत नेहमी होते म्हणून सांगतो. विमानांत आणखी एक अपडेट दर २८ दिवसांनी होतं, ते वेगळं. ते नॅव्हिगेशनचा डेटा, म्हणजे मार्ग, रनवे, फ्रिक्वेन्सी असलं सगळं, जगभर ठरलेल्या तारखांना एकदम बदलतं. ते म्हणजे माहिती ताजी करणं. टीकॅसचं अपडेट म्हणजे विचार करायची पद्धतच बदलणं, ते काही वर्षांतून एकदा होतं आणि म्हणूनच ते राहून गेलं तर कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

याच्या अगदी उलट पद्धत बघायची असेल तर ग्लायडरवाल्यांकडं बघा. इंजिन नसलेली विमानं, आपल्याकडं पुण्यात हडपसरला त्यांचं सेंटर आहे, पण युरोपात, आल्प्सच्या बाजूला, हा खेळ लई मोठा. हवेचा वर चढणारा झोत सापडला की पाच-सहा ग्लायडर त्याच झोतात गोल गोल फिरतात, एकमेकांच्या अगदी जवळ. तिथं टीकॅस काही कामाचं नाही, एक तर वजन, वीज आणि पैसे परवडत नाहीत, आणि दुसरं म्हणजे ते तिथं अखंड ओरडतच राहील. म्हणून २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म नावाचं छोटं यंत्र आलं. ते कुणाला प्रश्न विचारत बसत नाही. जीपीएसवरून स्वतः कुठं आहे हे बघतं, पुढच्या काही सेकंदांत आपण कुठल्या वाटेनं जाणार याचा अंदाज काढतं, गोल फिरत असलं तर गोल वाट, आणि तो अंदाजच रेडिओवर सगळ्यांना सांगत राहतं. ऐकणारं यंत्र आपली वाट आणि त्याची वाट ताडून बघतं, जुळत असतील तर दिवे आणि बीप.

आता विचार करा, दोन यंत्रांची भाषा वेगळी झाली तर काय होईल? काहीच होणार नाही, आणि तोच धोका. एररही येत नाही, समोरचा नुसता दिसत नाही, आणि पायलटला वाटतं आकाश मोकळं आहे. म्हणून फ्लार्मवाल्यांनी नियमच केलाय की फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, निदान वर्षातून एकदा अपडेट करायचंच, आणि पूर्वी तर आवृत्तीला सरळ एक्सपायरी असायची. २०१५ मध्ये रेडिओवरची भाषा बदलली तेव्हा जुनी आवृत्ती ठेवलेली यंत्रं मुदतीनंतर बंदच पडणार होती. त्यावर पायलट मंडळी भडकली, विकत घेतलेलं यंत्र कंपनी बंद कशी काय करते वगैरे. त्यांचा राग मला कळतो, पण बाजू मी कंपनीची घेईन. बंद पडलेलं यंत्र निदान सांगतं तरी की मी बंद आहे, डोळे उघडे ठेव. चालू दिसणारं पण कुणालाच न दिसणारं यंत्र जास्त घातक.

अपडेटचं काम तसं सोपं, फाइल पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवर टाकायची, फोल्डरमध्ये नाही, अगदी बाहेर, यंत्र बंद असताना लावायची, चालू करायचं आणि दिवे थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बॅटरी पूर्ण चार्ज पाहिजे, मध्येच वीज गेली तर पंचाईत. मग चालू करून आवृत्तीचा नंबर आपल्या डोळ्यांनी बघायचा, कारण जुनीच फाइल परत लोड झाली तरी दिवे तसेच लुकलुकतात. आल्प्समध्ये उडणाऱ्यांना अजून एक काम, अडथळ्यांचा डेटाबेस. दरीतून ताणलेल्या विजेच्या तारा आणि रोपवे हे ग्लायडरला आणि हेलिकॉप्टरला फार घातक, आणि तो डेटा फर्मवेअरपेक्षा वेगळा असतो, वेगळा भरावा लागतो. एक भरला म्हणजे दुसरा भरला असं नाही.

आणि सगळं अपडेट करूनही अँटेना चुकीच्या जागी असेल तर उपयोग शून्य. आजकालची ग्लायडरं कार्बन फायबरची, आणि कार्बन फायबर रेडिओ लहरी अडवतं. समोरून स्पष्ट दिसतोय आणि मागून येणाऱ्याला आपण अदृश्य, असं होतं. त्यासाठी उड्डाणाची रेकॉर्ड झालेली फाइल कंपनीच्या साइटवर टाकली की कुठल्या दिशेला यंत्र किती लांबपर्यंत ऐकतंय याचा नकाशा मिळतो. हे फुकट आहे, अपडेट करताना त्याच बैठकीत उरकण्यासारखं.

मोठ्या विमानांकडं परत येतो, कारण तिथं आता पुढची पिढी येतेय, एकॅस एक्स. टीकॅसचं लॉजिक म्हणजे माणसांनी बसून लिहिलेले "असं असेल तर तसं कर" अशा शेकडो नियमांचं जाळं, त्यातला एक धागा ओढला की बाकीचं कुठं सुटेल सांगता येत नाही, ७.१ ला इतकी वर्षं लागायचं ते एक कारण. एकॅस एक्समध्ये, ज्याचं मूळ काम अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत झालं, कॉम्प्युटरनं आधीच असंख्य परिस्थिती गणित करून सोडवलेल्या असतात आणि विमानात फक्त त्या उत्तरांचं भलंमोठं टेबल असतं. आकाशातली पद्धत बदलली, ड्रोन वाढले, तर गणित नव्यानं चालवायचं आणि टेबल बदलायचं, नियमांच्या जाळ्यात हात घालायची गरज कमी.

हे काकांना सांगितलं तर त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजे ते टेबल नवं आणि समोरचं अजून सात पॉइंट एकच असलं तर?" त्याची सोय केलेली आहे. एकॅस एक्स जुन्या टीकॅसशी त्याच जुन्या भाषेत हुकूम ठरवतं, वर कोण आणि खाली कोण हा करार तोच ठेवलाय.